मी बोलून घालवलेली गाय

लग्नाच्या बैठकीत मला मुलीच्या बाजूनं बोलायला बसवलं होतं, आणि मी मुलीचंच देज कमी करून दिलं.

ज्यांना देज ठाऊक आहे त्यांनी इथंच हसून घ्यावं. ज्यांना नाही त्यांच्यासाठी सांगतो. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरातल्या पाड्यांवर लग्नात देतो तो मुलाचा बाप आणि घेतो तो मुलीचा बाप. भात, लुगडं, बोकड, आणि ऐपत असली तर गाय. पोर एका घरातून उठून दुसऱ्या घरी राबायला जाणार. ज्या घरातले दोन हात गेले त्या घराला काही यायला नको का, इतकी ती साधी गोष्ट. मी वाढलो त्या घरात सगळं बरोबर उलटं होतं. तिथं मुलगीही आपण द्यायची आणि ती घेतल्याबद्दल वर हुंडाही आपणच द्यायचा. ही आमच्या आळीची रीत आहे, जगाची नव्हे, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कोणाला विचारलं नव्हतं. तरणं वय, थोडं इंग्रजी, आणि हाताला काम नाही. इतकं जमून आलं की माणूस काय वाटेल ते करून बसतो.

काम नव्हतं ते असं. एका लाकडाच्या ठेकेदाराकडं मी पोशेऱ्याजवळच्या जंगलात ओंडके मोजायला होतो. त्याचा ठेका संपला, तो गाशा गुंडाळून गेला आणि जाताना मला न्यायला विसरला. जव्हारला संस्थानच्या कचेरीत एक म्हातारे कारकून घरी बसायचे होते, त्यांच्या जागी मला घेऊ असा शब्द मिळाला होता. पण म्हाताऱ्यांचा पाय कचेरीतून निघेना. ‘पावसाळा सरल्यावर बघू’ असा निरोप आला तेव्हा माघ चालू होता. घाटावर घरी परत जावं तर वडील रोज सकाळी अंगणात उभे राहून ‘आज काय?’ म्हणून विचारणार. त्यापेक्षा डोंगर बरा.

ठेक्यावर आपले बैल घेऊन ओंडके ओढायला येणारा एक गडी माझा दोस्त झाला होता. तो म्हणाला, “चल माझ्या घरी. ओटीवर पड. आमाला काय जड हायस तू?”

त्या बोलीत अहो-जाहो नाही. खुद्द जव्हारचे राजेसरकार पाड्यावर आले असते तरी ‘तू कवा आलास?’ असंच विचारलं असतं. मला पहिल्या दिवशी ते कानाला टोचलं. मग लक्षात आलं की माझ्याशी इतकं आपुलकीनं आजवर कोणी बोललेलंच नाही.

घरात चार माणसं. दोस्ताचा बाप, थोडं बोलणारा आणि बराच वेळ खोकणारा. आई, जिच्या हातात घर होतं. दोस्त. आणि त्याची धाकटी बहीण, लग्नाची. आमच्या घरी सोवळं कडक होतं, म्हणून मी पहिले काही दिवस ओटीवर वेगळी चूल मांडून स्वतः शिजवत असे, म्हणजे करपवत असे. नंतर मुकाट्यानं त्यांची नागलीची भाकर खाऊ लागलो. घाटावर हे शेवटपर्यंत कळलं नाही.

आता रिकाम्या वेळाचं सांगतो. ‘रिकामा वेळ सत्कारणी लावावा’ हे वाक्य शाळेत आमच्या गुरुजींनी माझ्याकडून इतकं गिरवून घेतलं होतं की माझ्या अक्षराला वळण लागलं नाही, पण मनाला लागलं. मला नुसतं बसवेना. मी मासे धरायचा बांबूचा सापळा विणायला शिकलो. पुढच्या तोंडानं मासे आत येत आणि मागच्या भोकानं आपल्या वाटेनं जात. माझ्यामुळं त्यांची नदीतली एक चांगली पायवाट झाली. झऱ्यावर बायकांना ऊन लागतं म्हणून मांडव घातला. तो वाऱ्यानं पाण्यात बसला आणि सगळ्या पाड्याला प्यायच्या पाण्यात सुके पेंढे आले. म्हातारीनं तेव्हापासून सकाळी माझ्या चेहऱ्याकडं बघायची सवय लावून घेतली. तो टवटवीत दिसला की ती आधी कोयता उचलून आत ठेवी.

“कारकून आज काय करनार?” ती लेकाला हळूच विचारी. जागा मिळायच्या आधीच पाड्यानं मला कारकून करून टाकलं होतं.

“अजून ठरला नाय.”

“मंग देवा, नको ठरू दे.”

अशात बहिणीचं लग्न निघालं. मुलगा जामसरचा. त्यांची माणसं बोलणी करायला यायची होती. आता ऐका, या बैठकीत खरं काय पणाला लागलं होतं ते. मला ते नंतर कळलं, पण तुम्हाला आधीच सांगून ठेवतो, नाहीतर माझ्याबरोबर तुम्हीही घसराल. दोस्ताचं लग्न खोडाळ्याच्या एका पोरीशी ठरल्यात जमा होतं. तिच्या बापाला देज म्हणून गाय पाहिजे होती. या घरात बैल होते, ते नांगराचे, गाय नव्हती. तेव्हा बहिणीच्या देजात जामसरकडून गाय यायची, आणि तीच गाय दावं न बदलता पुढं खोडाळ्याला जायची. गाय आली तर पोरगा सून घेऊन येणार. नाही आली तर त्यालाच खोडाळ्याला घरजावई जावं लागणार, म्हणजे सासऱ्याच्या घरी वर्षानुवर्षं गड्यासारखं राबून बायको फेडायची. इकडं म्हातारा खोकत नांगर धरणार.

दोस्तानं मला हे सांगितलंही होतं. “गाय येयाची हाय, मंग माझा पन लगीन,” असं तो एकदा म्हणाला. मी सापळा विणत होतो. मला वाटलं, लग्नात दूध बरंच लागत असेल.

पोरीच्या बापानं पोरीचं देज आपल्या तोंडानं बोलायचं नाही, त्याच्या बाजूनं दुसऱ्यानं बोलायचं, अशी त्या घरातली चाल. दरवेळी चुलता बोले. तो तापानं पडला. बैठक तर दारात आलेली.

म्हाताऱ्यानं मला ओटीवर गाठलं. “तू बोल,” म्हणाला.

“मी?”

“ओंडक्यांवर तू त्या ठेकेदाराशी भांडायचास, पोरगा सांगतो. तसा बोल.”

माझी छाती फुगली. शेवटी माझ्या रिकामपणाला योग्य असं काम आलं. मी विचारलं, “काही सांगून ठेवायचं असलं तर सांगा.”

म्हातारा खोकला, विचार केला, आणि एवढंच म्हणाला, “ताणून धर.”

ताणून धर. या दोन शब्दांवर माझं सगळं नशीब फिरलं. त्याला म्हणायचं होतं, खाली येऊ देऊ नको. मला कळलं, वर जाऊ देऊ नको. दोर एकच; त्याच्या कुठल्या टोकाला आपण उभे आहोत हे मी विचारलं नाही.

इथं मला माझ्या थोरल्या बहिणीचं लग्न आठवलं, हे खोटं सांगत नाही. मुलाच्या चुलत्यापुढं माझे वडील पागोटं काढून उभे राहिले होते आणि तो माणूस सुपारी कातरत ‘अजून बघा, अजून बघा’ म्हणत होता. तेव्हा मी पोरसवदा होतो, पण कधीतरी कुठल्यातरी मुलाच्या चुलत्याला धारेवर धरायचं हे मी मनात धरलं होतं. जामसरकडच्यांत मुलाचा चुलताच पुढं होता. लठ्ठ, हसरा, कानात बाळ्या. त्याला पाहताच माझे हात शिवशिवले.

दुपारी अंगणात आंब्याखाली बैठक बसली. इकडं पाड्यातली जाणती माणसं, तिकडं जामसरची, मध्ये मोहाच्या दारूची भांडी झाकून ठेवलेली. बोलणं पक्कं झालं की दोन्हीकडच्यांनी एकाच भांड्यातली प्यायची. मग तो शब्द फिरत नाही. दारात दोस्त उभा होता. कुडाच्या आत आई आणि बहीण.

पाड्याच्या कारभाऱ्यानं घसा साफ करून रीत सांगितली. “भात दोन कणग्या. एक लुगडा. एक बोकड. न् वासरासंगट गाय.”

जामसरचा चुलता मान हलवून म्हणाला, “रीत हाय ती हाय. आमी रीत मोडनार नाय.”

त्याला म्हणायचं होतं, देऊ. मला ऐकू आलं, सोडणार नाही. असा निर्ढावलेला माणूस! मी उसळलो.

“रीत म्हणून काय वाटेल ते?” मी म्हटलं. “दोन कणग्या भात! कोणाच्या घरात एवढा पिकतो? एक कणगी पुरे.”

चुलता माझ्याकडं बघत राहिला. मग त्यानं पाड्याच्या कारभाऱ्याकडं बघितलं. मग पुन्हा माझ्याकडं. “तू कोनाकडचा?” त्यानं विचारलं.

“मुलीकडचा!” मी छाती ठोकून सांगितलं.

“असा व्हय,” तो म्हणाला, आणि हळूहळू त्याचं तोंड उमलत गेलं. “मंग एक कणगी. तू म्हनतोस तर एक.”

इतक्यात नमला! मला वाटलं, शिकलेल्या माणसाचा धाक. आत भांडं आपटल्याचा आवाज झाला. मला वाटलं, बायका खूश होऊन वाजवताहेत. म्हातारा खोकायला लागला तो थांबेना. मला वाटलं, म्हाताऱ्याला गहिवर आला.

“बोकड कशाला?” मी म्हटलं. “बोकडाविना लग्न होत नाही का?”

“व्हतो की,” चुलता म्हणाला. “बोकड ऱ्हावा दे.”

“आणि गाय!” आता मी उठून उभाच राहिलो. “माणसं गाय मागतात? वासरासकट? आमची पोर बघा. नागली दळते, लावणी करते, तोंडातून वेडावाकडा शब्द नाही. अशी पोर मिळते आहे हेच मोठं, वर आणखी गाय कशाला पाहिजे?”

हे वाक्य माझ्या मते त्या दिवसाचा कळस होता. दारात दोस्ताचं तोंड पांढरं पडलं होतं. मी त्याला डोळा घातला.

तुम्ही विचाराल, कोणी मला आवरलं का नाही? ज्याला बोलायला बसवला त्याला पाहुण्यांदेखत गप्प करणं म्हणजे घराची अब्रू उघड्यावर टाकणं. कारभाऱ्याला वाटलं, या घराचा काही आतला डाव असेल, शिकलेला माणूस आहे, उगाच नाही बोलत. म्हाताऱ्याला तर खोकल्यातून बोलताच येईना. आणि जामसरचा चुलता असा सावध, की जणू आता एक शब्द जास्त बोलला तर स्वप्न मोडेल.

“गाय पन ऱ्हावा दे,” तो हलक्या आवाजात म्हणाला, आणि स्वतःच भांड्यावरचं झाकण काढलं. “आता प्यायाची.”

प्यायलो. मी पण. निघताना त्यानं मला मिठी मारली. “असा मानूस आमच्या पाड्यात पन पायजे व्हता,” म्हणाला.

पाहुणे उताराला लागले. मी म्हाताऱ्याजवळ जाऊन बसलो. शाबासकीची वाट बघून बघून शेवटी मीच म्हटलं, “बाबा, कसं ताणून धरलं?”

म्हातारा माझ्याकडं न बघता म्हणाला, “कोनाच्या बाजूनं?”

मला तरीही कळेना. तेव्हा म्हातारी बाहेर आली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं मला लहान पोराला सांगावं तसं सांगितलं, की देज तिकडून इकडं यायचं होतं. गाय इथं बांधायची होती. खुंटाही पुरून ठेवला होता. तिनं बोट दाखवलं. गोठ्याच्या कडेला नवा खुंटा होता. मी तो रोज पाहत होतो. दोन दिवसांपूर्वी त्याच्यावर मी माझं धोतर वाळत घातलं होतं.

मी काय बोललो ते आठवत नाही. काहीतरी ‘पण आमच्याकडं’ असं सुरू केलं असणार, कारण बहीण आतून म्हणाली, “तुमच्याकडं बाप पैसं द्येऊन पोरी घालवतात? मंग तुमच्याकडच्या पोरी खोट्या असत्याल.”

माझ्या थोरल्या बहिणीला हे ऐकवायला हवं होतं.

दोस्त रोजच्यासारखा बैलांना चारा टाकायला गेला. गोठ्यात तो बराच वेळ होता. मी ओटीवर पडून कुडाच्या काटक्या मोजत राहिलो. ओंडके मोजणाऱ्याला दुसरं काय सुचणार?

दुसऱ्या दिवशी मी जामसरला निघालो. कोणाला न विचारता, म्हणजे माझ्या नेहमीच्या पद्धतीनं. डोंगर चढत-उतरत वाटेभर मनात वाक्यं जुळवत होतो. ‘गैरसमजुतीनं’ असा एक शब्द मला सापडला. फार आवडला. त्या शब्दात चूक असते, पण ती कोणी केली ते नसतं.

चुलता खळ्यात बसला होता. मला बघून त्यानं दोन्ही हात पसरले. मी ‘गैरसमजुतीनं’ म्हटलं. त्याला तो शब्द कळला नाही. मग मला सरळ सांगावं लागलं, की मला वाटलं देणारे आम्ही.

तो हसू लागला. हसताना त्यानं बायकोला हाक मारली, तिला सांगितलं, ती हसली, शेजारी आले, मग तिथं एक जत्राच भरली. मी मध्ये उभा. मग डोळे पुसून तो एकदम गंभीर झाला.

“बघ,” म्हणाला, “प्यालेला शब्द मी फिरवला तं माझा पाडा मला हसंल. पन तू फिरवलास तं कोन मला बोलंल? लगनाच्या दिशी मांडवात दोन्ही पाड्यांम्होरं तू सांग. आता मला सांगितलास तसा सांग. मी मूरख, मला ठावा नव्हता. येवढा सांगितलास का गाय तुझी.”

“एवढंच?”

“येवढाच. मी गाय संगट आनतो.”

मी उड्या मारत परतलो. घरी सांगितलं. म्हातारीनं प्रथमच मला गरम भाकर वाढली. दोस्त ओटीवर येऊन बसला, म्हणाला, “मांडवात नीट सांगशील ना रं?”

“सांगेन म्हणजे काय!”

लग्न फाल्गुनाच्या शेवटी झालं, याच अंगणात. जामसरची माणसं वाजत-गाजत आली आणि सोबत खरोखर गाय. तांबडी, कपाळावर पांढरं चांदणं, मागं ढुशा देणारं वासरू. चुलत्यानं तिला अंगणाच्या कडेला करवंदीच्या जाळीला बांधली. नव्या खुंट्याला नाही. अजून ती कोणाची नव्हती. दोस्त तिच्यासमोर पेंढा टाकून आला. खोडाळ्याहूनही त्या पोरीचा भाऊ बघायला आला होता.

लग्न लागलं. जेवणं व्हायच्या आधी चुलता मांडवात उभा राहिला. “कारकुनाला काय बोलायचा हाय,” म्हणाला.

मी उठलो. वाक्य तोंडात तयार होतं. आणि माणसांवरून नजर फिरवताना मला मांडवाच्या खांबाला टेकून बसलेला जव्हारच्या कचेरीचा पट्टेवाला दिसला. या घराशी त्याचं काही जुनं येणं-जाणं होतं, म्हणून आला होता. लाल पट्टा, गुडघ्यावर काठी. पावसाळ्यानंतर ज्या कचेरीत मला खुर्ची मिळणार होती त्या कचेरीच्या दाराशी हा माणूस बसतो. मी आज इथं स्वतःला मूर्ख म्हणायचं, आणि उद्या हे सगळं त्या दारातून आत जाणार. मग मी तिथं कुठल्या तोंडानं बसू?

माझ्या तोंडातलं वाक्य मागं गेलं. त्याच्या जागी भाषण आलं.

मी म्हणालो की मानवाच्या समाजात निरनिराळ्या रूढी असतात. मी म्हणालो की कन्येचा मोबदला घेणं किंवा देणं या दोन्ही गोष्टींचा विचारी माणसानं विचार करायला हवा. माझ्या त्या दिवशीच्या बोलण्यामागं एक व्यापक हेतू होता, असंही मी म्हणालो. तो काय होता ते मला बोलता बोलता शोधावं लागत होतं. मधे ‘गैरसमजुतीनं’ वापरला. ‘परस्पर सौहार्द’ वापरला. माणसं ऐकत होती. त्यांना एवढंच कळत होतं की हे अजून संपलेलं नाही. दोस्त गायीशेजारी उभा राहून माझ्या ओठांकडं बघत होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी त्याला वाटत होतं, आता म्हणेल.

मी थांबलो. चुलता शांतपणे उभा होता. त्यानं मला अजून एक संधी दिली, हे मी त्याचं विसरणार नाही.

“म्हंजे तू चुकलास का नाय?” त्यानं विचारलं.

सगळा मांडव माझ्याकडं बघत होता. मी पट्टेवाल्याकडं पाहिलं.

“चूक असं अगदी म्हणता येणार नाही,” मी म्हटलं.

चुलत्यानं मान डोलावली. तो गेला, करवंदीचं दावं सोडलं आणि गाय आपल्या माणसाच्या हातात दिली. “घरी घेऊन जा,” म्हणाला. ती पेंढा खात होती. तोंडातला पेंढा तसाच घेऊन गेली. वासरू मागं राहिलं होतं, ते हंबरत तिच्यामागं पळालं. दोस्त बाजूला सरून त्याला वाट देत उभा राहिला.

जेवणाला मी कडेला बसलो. पट्टेवाला आपली पत्रावळ घेऊन माझ्या शेजारी आला. खाता खाता हसत म्हणाला, “कारकून, त्या दिवशीचं देज तेवढं तुमच्या तोंडून ऐकवा ना एकदा. कचेरीत आम्ही सांगून सांगून दमलो. परवा मोठ्या साहेबांनी मला पुन्हा बोलावून ऐकलं. आज मुद्दाम त्याच्यासाठी डोंगर चढलो, तर तुम्ही कीर्तनच लावलंत.”

जी गोष्ट जव्हारच्या बाजारात पाणक्यालासुद्धा ठाऊक होती, ती झाकायला मी गाय घालवली होती. मी पत्रावळीवरचा भात नुसता चिवडत राहिलो. पट्टेवाल्यानं आपुलकीनं पाण्याचा गडू पुढं केला.

त्यानंतर घरात मला कोणी टाकून बोललं नाही. मला भाकर मिळत होती. म्हातारीनं कोयता लपवायचं सोडून दिलं होतं, तो ओटीवर माझ्या डोळ्यांसमोर पडलेला असे, आणि मला त्याला हात लावायची हिंमत होत नसे. मी दोस्ताला एकदा म्हटलं, “मी जामसरला पुन्हा जातो. आता सांगतो. चौकात उभा राहून सांगतो.”

“आता कोनाला सांगशील?” तो म्हणाला. “लगीन झाला.”

भाताच्या रोपांसाठी राब भाजून झाले, पेरणी तोंडावर आली, आणि खोडाळ्याहून बोलावणं आलं. गाय नसली तर नसली, गडी पाठवा. त्यांच्याकडं नांगराला माणूस पाहिजे होता. सकाळी दोस्तानं घोंगडी आणि कोयता बांधला. बैलांच्या अंगावरून हात फिरवला. बाप ओटीवर बसून खोकत होता. नांगर भिंतीला टेकून ठेवलेला. तो आता त्या म्हाताऱ्यानं धरायचा.

मी रात्रीच ठरवून ठेवलं होतं. मी अंगणात त्याच्या आडवा गेलो. “तू खुशाल जा,” म्हटलं. “कचेरीची जागा पावसाळ्यानंतर. तोवर मी रिकामाच आहे. तुझा नांगर मी धरतो. लावणी मी करतो. शिकेन. बाबांना उठू देत नाही.”

मी नांगराकडं गेलोही. धोतर खोचलं. नांगराची मूठ, म्हणजे रुमणं, धरलं, आणि ते कसं उचलतात हे बघायला मान वाकडी केली.

दोस्तानं आईकडं बघितलं. बोचकं उचललं आणि उताराला लागला. म्हातारी तो दिसेनासा होईपर्यंत उभी राहिली. मग वळली, माझ्या हातातलं रुमणं काढून घेतलं, नांगर पुन्हा भिंतीला टेकवला आणि ओटीवरची माझी जागा हातानं झाडली.

“तू हितं बस,” ती म्हणाली. “रिकामाच बस. तू रिकामा असलास का कोनाचा काय जात नाय.”